काहिलीची टाकी

टाकी हौद्यात उतरेना.

दोन्ही बाजूंनी ढकलून पाहिलं, तिरकी करून पाहिलं, एका अंगावर बसून पाहिलं. माझं वजन माझ्या बायकोच्या मते कोणत्याही गोष्टीला पुरेसं आहे, पण टाकी त्यालाही दाद देईना. पिकअपच्या मागच्या उघड्या भागाला आम्ही हौदा म्हणतो. मी त्याचं माप घेतलं होतं, आणि अगदी काटेकोर घेतलं होतं. फक्त बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. टाकी बसायची होती आत.

तीस वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात फॅब्रिकेशन करणारा माणूस ही चूक करतो, तेव्हा बातमी चहाच्या आधी पोचते. शेजारचा लेथवाला येऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"मिस्त्री, आता टाकी ऱ्हाऊ दे तशीच. गाडी रुंद करा की!"

सगळे हसले. गाडीचा मालक आनंदा, तोही हसला. रोज्यांचे दिवस होते, म्हणून कुणीतरी म्हणालं, "सलीममामा उपाशी हाईत, चालायचंच." मी ते निमित्त मुकाट्यानं घेतलं. टेप उलटा धरायला पोट रिकामं असावं लागत नाही, हे मला माहीत होतं.

टाकी कापून, आत घेऊन, पुन्हा जोडण्यात दिवस गेले. शेवटी ती गाडीवर चढली त्या दिवशी अमावास्या होती. मला त्यात एवढंच दिसलं, की ईद आली, काम संपलं, आता नवीन कपडे घालायला मोकळा. त्या अमावास्येचं दुसऱ्या कुणाला काय वाटलं असेल, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही.

आता टाकी कशाला, ते सांगतो.

आनंदाचं गाव कागलच्या अलीकडं. वडिलांचं गुऱ्हाळ होतं. वडील गेले, आणि पाठोपाठ गुऱ्हाळही बंद पडलं. कामाला माणसं मिळेनात, ऊस सगळा कारखान्याला जायला लागला. आनंदानं पिकअप घेतली आणि एका हॅचरीचं काम धरलं. हॅचरी म्हणजे अंडी उबवून कोंबडीची पिल्लं काढायचा कारखाना. एक दिवसाची पिल्लं जाळीच्या क्रेटमध्ये भरायची आणि घाट उतरून कोकणातल्या आणि गोव्याकडच्या पोल्ट्र्यांना पोचवायची.

या कामात एकच नियम. गाडी थांबवायची नाही. गाडी चालते तोवर क्रेटमधनं वारं खेळतं. गाडी थांबली की वारं थांबतं, आणि एकमेकांच्या उबेनंच पिल्लं गुदमरायला लागतात. पंपावर रांगेत उभं राहिलं तरी चार-दोन पिल्लं माना टाकतात. शिवाय सीमेपलीकडं कर्नाटकात डिझेल स्वस्त, हे कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नाही. म्हणून आनंदाला जादाची टाकी हवी होती. सीमेवरच्या कोगनोळीच्या पुढं एकदाच भरायची, आणि मग जाऊन-येऊन पंपाचं तोंड बघायचं नाही.

मी त्याला म्हटलं, "आरटीओला विचारून ये. गाडीत असला बदल करायचा तर परवानगी लागती."

तो गेला आणि आला. विचारून आला की नुसताच आला, ते मी विचारलं नाही.

पत्रा मात्र त्यानं स्वतःचा आणला. ट्रॉलीतनं काहील उतरवली तेव्हा सगळा रस्ता अडला. काहील म्हणजे उसाचा रस आटवायची भलीमोठी लोखंडी कढई, दोन-तीन माणसं आत निजतील एवढी. ती त्यांच्या घरामागं उपडी पडून होती. तिच्यावर कोंबड्या बसत होत्या. ट्रॉलीतच, काहिलीच्या कडेला धरून, आनंदाची आई बसली होती. गावात त्यांना सगळे आक्का म्हणतात, मीही आक्काच म्हणायला लागलो.

"आक्का, तुमी कशाला आलासा उनाचं?"

"तिला पोचवाय आलो," आक्का म्हणाल्या. आमच्याकडं बायकाही बोलताना 'आलो' म्हणतात. "हंगामात ही एक दिस रिकामी ऱ्हायली न्हाई, मिस्त्री. आमच्या ह्येंनी हिच्यात पोरांची लग्नं केली, घर बांधलं. आता उपडी पडल्या. बगवत न्हाई."

"मग कापायला जीव होतोय का?"

"चुलीवर न्हाई तर गाडीवर. कामाला तर लागंल."

मी पत्रा तपासला. जस्त चढवलेला पत्रा असता तर मी सरळ नाही म्हटलं असतं. जस्ताचं आणि डिझेलचं जमत नाही. डिझेल ते जस्त हळूहळू खातं, आणि नंतर ते इंजिनात जाऊन बसतं. ही काहील जुनी, काळ्या लोखंडाची. तळ जळून पातळ झाला होता, तो मी सोडला. कडेचा पत्रा चांगला जाड होता. पण आतून त्याच्यावर वर्षानुवर्षांची चिकटी बसली होती, जळलेल्या गुळाची. काळी, काचेसारखी कडक. ती मी गॅसच्या दिव्यानं तापवून, खरवडून, ग्राइंडर मारून काढली. शेडमध्ये असा वास सुटला की शेजारपाजारचे चहा घेऊन आमच्याकडं येऊन बसायला लागले. हे मुद्दाम सांगतोय. चिकटी मी काढली होती. पूर्ण काढली होती.

टाकी म्हणजे नुसता डबा नव्हे. आत आडव्या पाट्या लावाव्या लागतात, त्यांना भोकं ठेवावी लागतात. नाहीतर वळणावर सगळं डिझेल एका अंगाला धावतं आणि गाडी कलंडते. वर हवा जायला ब्रीदर लागतो, म्हणजे बारीक नळी. तळापासून थोडं वर डिझेल बाहेर पडायची नळी, तिला कॉक. कॉक उघडला की वरच्या टाकीतलं डिझेल गाडीच्या मूळ टाकीत उतरतं. बगलेला हात जाईल एवढं नट-बोल्टचं झाकण, आत साफ करण्यासाठी. मग हवा भरून, सगळ्या सांध्यांना साबणाचा फेस लावून बघायचं, कुठं बुडबुडा येतो का. एकही आला नाही. मी आतून खूश झालो होतो. ती खुशी मापाच्या वेळी उतरली, ते वर आलंच आहे.

एका गोष्टीवर मात्र आमचं वाजलं.

"तोंड मोठं ठेवा," आनंदा म्हणाला. "कॅननं वतायला बरं पडंल."

"बारीक बरं असतं रं. कचरा जात न्हाई."

"दुधाच्या कॅनला असतंय तेवढं करा की. गाडी माजी, टाकी माजी."

केलं. गिऱ्हाईक आहे.

ईदच्या दुसऱ्या दिवशी आनंदा क्लॅम्प आवळून घ्यायला आला. गाडीला हळदी-कुंकू लागलेलं होतं, पुढं हार. माझ्या बायकोनं, रेहानानं, त्याच्याकडं स्टीलच्या डब्यात शीरखुर्मा दिला. "आक्कांना द्या." डबा तिच्या माहेरचा, झाकणावर नाव कोरलेलं. बायका असे डबे देतात तेव्हा ते परत येणार हे धरूनच देतात.

पुढं काही आठवडे सगळं छान चाललं. आनंदा येता-जाता हॉर्न मारायचा. "मिस्त्री, एकदा भरली की परत यीस्तवर बगाय नको!" माझीही मान जरा ताठ झाली होती. मापाची गोष्ट लोक विसरत चालले होते.

मग ऐन उन्हाळ्यात एका दुपारी त्याचा फोन आला. आजऱ्याच्या पुढं, आंबोलीच्या अलीकडच्या चढाला गाडी बंद पडली होती.

"आचकं देत देत थांबली. आता इंजान नुसतं फिरतंय, धरीना. मिस्त्री, पिल्लं हाईत मागं!"

डिझेल गाडी अशी थांबते तेव्हा आधी फिल्टर बघतात. मी दुकानातनं नवीन फिल्टर घेतला, मोटरसायकलला किक मारली आणि निघालो. उत्तूर, आजरा, पुढचा चढ. पोचेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं, पण डांबर तापलेलंच होतं.

गाडी दिसायच्या आधी आवाज ऐकू आला. क्रेट भरून पिल्लं एकदम ओरडायला लागली की तो चिवचिवाट राहत नाही, एक सलग कर्कश सूर होतो. आनंदानं आणि रस्त्यानं जाणाऱ्या काही माणसांनी क्रेट उतरवून झाडांच्या सावलीत मांडले होते. कुणी पुठ्ठ्यानं वारा घालत होतं. एक म्हातारा आपल्या टॉवेलानं घालत होता.

मी जुना फिल्टर काढला. तपकिरी, चिकट लगद्यानं तो गच्च भरला होता. इतक्या वर्षांत डिझेलमध्ये माती बघितली, पाणी बघितलं, शेवाळ बघितलं. असलं बघितलं नव्हतं. कॉक बंद केला, नवीन फिल्टर बसवला, फिल्टरवरच्या हातपंपानं नळीतली हवा काढली. गाडी सुरू झाली. क्रेट भराभरा चढवले. आनंदानं माझ्या पाठीवर थाप मारली.

दोन वळणं चढली आणि पुन्हा थांबली.

ती घाण मूळ टाकीत उतरलेली होती. आता फिल्टर बदलून उपयोग नव्हता, सगळं खोलून धुवायला हवं होतं, आणि ते रस्त्यावर होत नाही. आनंदानं दुसऱ्या गाडीसाठी फोन लावले. एक गाडीवाला आजऱ्याहून येतो म्हणाला आणि आला नाही. एक गाडी आली ती बंद बॉडीची, वारा नसलेली. आम्ही क्रेट परत उतरवले. पाणी शिंपडलं. वारा घालत राहिलो.

आवाज हळूहळू उतरत गेला. आधी सलग होता, मग तुटक झाला, मग कुठल्या क्रेटमधनं येतोय ते ओळखू यायला लागलं. तो टॉवेलवाला म्हातारा सगळ्यात शेवटी उठला. "जाऊ दे पावणं," एवढंच म्हणाला, आणि टॉवेल खांद्यावर टाकून चालायला लागला.

हॅचरीच्या मॅनेजरचा फोन आला तेव्हा आनंदानं तो स्पीकरवर ठेवला. हात चिकट होते त्याचे.

"किती जिवंत आहेत?"

"थोडी हाईत, सायेब."

"ती तुम्हीच ठेवा. आणि गाडी परत आणू नका. मी दुसरी लावतोय."

"सायेब, एक डाव..."

फोन बंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून उद्यमनगरात आणली. आक्का पुढं बसून आल्या होत्या. त्यांना मी सावलीत स्टूल दिलं. आनंदा गेटबाहेर उभा राहून मॅनेजरला परत फोन लावत होता. कधी चिडून बोलायचा, कधी विनवण्या करायचा. रस्त्यावर येरझाऱ्या चालल्या होत्या.

मी वरच्या टाकीतलं डिझेल काढलं. बगलेच्या झाकणाचे नट सोडवले आणि हात आत घातला. तळाला बोटांना काहीतरी मऊ लागलं. बाहेर काढलं. गुळाचा खडा होता. डिझेलनं काळवंडलेला, कडा झिजून गोटा झालेला. पुन्हा हात घातला, खोबऱ्याची वाटी निघाली. आणि तिच्याखाली एक सुपारी.

गूळ डिझेलमध्ये विरघळत नाही, नुसता झिजतो. गाडी हादरते, खडा पाट्यांवर घासतो आणि त्याची पूड होते. आणि अर्धवट भरलेल्या टाकीत थोडं तरी दव धरतंच. त्या पाण्यात पूड भिजली की तिचा काकवीसारखा लगदा होतो. तो नळीतनं खाली उतरला. सगळं समजलं. जुनी चिकटी असती तर काळी आणि कडक असती. आणि तिच्यात सुपारी नसती.

मी वर बघितलं. आक्का स्टुलावरनं उठून माझ्या मागं उभ्या होत्या. त्यांची नजर माझ्या तळव्यावर होती.

"ती मीच टाकल्याली," त्या म्हणाल्या.

"कवा?"

"आवसंच्या दुसऱ्या दिशी. आनंदा आंगोळीला गेलता. आवसंला लोखंड दारात आलं, मिस्त्री, आनि त्येबी रिकामं. शेजारणीची वाटी परत द्याची तरी चिमूटभर साकर घालतोय आमी. ही तर त्येंची काहील. पैल्या कामाला जाताना रिकामी कशी सोडू?" त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "ह्येनं थांबली गाडी?"

गेटबाहेर आनंदाचा आवाज येत होता. "सायेब, आईशपत सांगतो, गाडीत काय न्हाई, मिस्त्रीकडं खोललीया..."

मी सुपारी खिशात टाकली. गूळ आणि खोबरं चिंध्यांच्या डब्यात ढकललं.

"न्हाई, आक्का. एवढ्याशा खड्यानं कुटं गाडी थांबती व्हय? काहिलीची जुनी चिकटी ऱ्हायलीती. मीच नीट खरवडली न्हाई."

त्या माझ्याकडं नाही, टाकीकडं बघत राहिल्या.

आनंदा आत आला. "काय घावलं?"

"जुना गूळ," मी म्हटलं. "सांध्यात ऱ्हायलाता. माझ्याकडनं घासायचा ऱ्हायला."

मला वाटलं होतं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मापाला चुकलासा तवा हसून सोडलं," तो म्हणाला. "म्हटलं चालायचंच, मानूस हाय. पर मिस्त्री, पिल्लं माज्या हातात मेली ओ. हातात."

"आनंदा..." आक्का पुढं झाल्या.

"आई, तू मदी बोलू नगंस!"

"आक्का, उनात उभं ऱ्हाऊ नका," मी त्यांच्या बोलण्यावरच बोललो. "बसा तिकडं."

त्या बसल्या. पदर तोंडाला लावला आणि बसूनच राहिल्या.

मापाची चूक खरी असल्यामुळं ही दुसरी चूक सगळ्यांना लगेच पटली. लेथवाल्याला पटली, चहावाल्याला पटली. माणसानं एक चूक चारचौघांत केलेली असली की दुसरी त्याच्या नावावर चढवायला साक्षीदार लागत नाही. उद्यमनगरात मला काही महिने 'गूळमिस्त्री' म्हणत होते. आनंदाच्या गावाकडनं ट्रॉलीची, शेडची कामं यायची, ती बंद झाली. गाडी मी पूर्ण धुवून, नळ्या बदलून, सुरू करून दिली. पण हॅचरीचं काम दुसऱ्या गाडीला गेलं ते गेलंच. पुढं आनंदानं पिकअप विकली. विकायच्या आधी येऊन टाकी उतरवून घ्यायला सांगितली. "तुमच्यापाशीच ठेवा ती," म्हणाला. आता तो गडहिंग्लजला दुसऱ्याचा टेम्पो चालवतो. टाकी माझ्या शेडच्या कोपऱ्यात आहे. तिच्यात काही ठेवायचं धाडस मला झालेलं नाही. ती मोडीत घालायचंही झालेलं नाही.

धंद्यातला धडा म्हणाल तर साधा आहे. टाकीचं तोंड पंपाची नळी जाईल एवढंच ठेवा, आणि आत जाळी वेल्ड करून टाका. गिऱ्हाईक कितीही म्हणो, गाडी माझी, टाकी माझी. टाकीत काय जाऊ शकतं हे मिस्त्री ठरवतो, असं मिस्त्रीला वाटतं. ते घरची माणसं ठरवतात. टेप कुठं धरायचा, तो धडा मी इथं देत नाही. तो आता सगळ्यांना पाठ आहे.

घरी रेहानाला धुणं काढताना खिशात सुपारी सापडली होती. मी सुपारी खात नाही, त्यामुळं सगळं सांगावं लागलं. खरं सांगायचं तर जरा अभिमानानंच सांगितलं. नाव माझं गेलं, पण म्हातारीला काही कळू दिलं नाही, लेकापुढं तिची मान खाली जाऊ दिली नाही, वगैरे. ती ऐकत होती. सुपारी तिनं खिडकीत ठेवली.

पाऊस सुरू झाल्यावर आनंदाच्या गावचा एक माणूस फाळ बसवून घ्यायला उद्यमनगरात आला. जाताना माझ्या शेडमध्ये डोकावला. "आक्कानं दिलाय," म्हणून त्यानं पिशवीतनं एक डबा काढला. स्टीलचा, झाकणावर नाव कोरलेलं. राखेनं घासून असा लख्ख केला होता की त्यात तोंड दिसावं.

संध्याकाळी मी तो घरी नेला. रेहाना खूश झाली. झाकण उघडलं, आत बघितलं. मग डबा तिरका करून उजेडाकडं धरला, तळाला बोट फिरवलं आणि ते बोट जिभेला लावलं. काही नव्हतं. साखरेचा दाणासुद्धा नव्हता.

घरात आमची बोली निराळी आहे, पण ती जे म्हणाली ते मराठीत असं होतं:

"तुम्ही म्हणता आक्काला काही कळू दिलं नाही. मग डबा रिकामा का आला?"